पाळत, टेहळणी, गस्त, नजर : पोलिसांच्या ड्रोनसाठी नेमका शब्द कोणता?

रामनगरकर

नमस्कार. नागपुरातल्या आमच्या गणेश मंडळाचा सूचनाफलक यंदा मी लिहितो आहे. कच्च्या मसुद्यात एक वाक्य असं आहे : ‘मिरवणूक मार्गावर पोलिसांच्या छोट्या ड्रोनद्वारे पाळत ठेवली जाईल, खासगी ड्रोनला बंदी राहील.’ ‘पाळत’ वाचून दोन-तीन ज्येष्ठ मंडळी नाराज झाली. आम्ही काय गुन्हेगार आहोत का, असं त्यांचं म्हणणं. ‘निगराणी’ लिहावं म्हटलं तर तो हिंदी शब्द वाटतो. जाणकारांनी सुचवावं. ‘छोटा ड्रोन’ चालेल का, तेही सांगा.

इतवारीचा भाऊ

भाऊ, आमच्याकडं लोक सरळ म्हणतात, ‘वरून पाहून रायले.’ मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी सगळ्या गच्च्या बायामाणसांनी भरलेल्या असतात. ड्रोन रस्त्यावरून पुढं पुढं गेला तर कोणी मान वर करून पाहत बी नाही. तोच एखाद्या गच्चीसमोर थांबला की बाया पदर सावरतात, पोरी आत जातात. यंत्र तेच, पण लोकांना फरक बरोबर समजते. शब्द निवडताना हा फरक सुटू देऊ नका.

कोर्टातली भाषांतरकार

वरच्या भाऊंनी मुद्दा नेमका धरला आहे. मी अशी कागदपत्रं रोज हाताळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ‘छोटा’. ड्रोन नियम, २०२१ मध्ये वजनावरून पाच वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल, २५ ते १५० किलो मीडियम आणि त्यापुढे लार्ज. लग्नात फोटोग्राफर उडवतो ते घडीचे ड्रोन बहुतेक पहिल्या दोन वर्गांतले असतात आणि आपण त्यांनाच छोटे म्हणतो. नियमातला ‘स्मॉल’ मात्र गव्हाच्या अर्ध्या पोत्याइतका जड असू शकतो. तेव्हा फलकावर ‘छोटा’ किंवा ‘लघु’ लिहूच नका. लिहायचंच असेल तर वजन लिहा.

आता ‘बंदी’. तुमच्या वाक्यात पोलिसांचा ड्रोन आणि लोकांचा ड्रोन एकाच दमात आले आहेत, पण त्यामागचे अधिकार वेगळे आहेत. तातडीची गरज असेल तर ड्रोन नियमांनुसार एखादा भाग ‘तात्पुरतं लाल क्षेत्र’, म्हणजे ड्रोनला मनाई असलेला भाग, म्हणून जाहीर करता येतो, तेही एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी. जाहीर करणारा अधिकारी पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या खालचा चालत नाही. नागपुरात आयुक्तालय आहे, म्हणून इथे तो दर्जा पोलीस उपायुक्तांचा. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालीही मनाईचा आदेश निघू शकतो. जुन्या लोकांच्या तोंडी ते अजून ‘१४४’च आहे. बंदी यापैकी कोणत्या आदेशाने आणि कधीपर्यंत, हे फलकावर यायला हवं. नुसतं ‘बंदी राहील’ म्हटलं की ती कायमची वाटते.

आपल्या शहराची आणखी एक गोष्ट. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंतच्या आकाशात जमिनीपासूनच ड्रोनवर निर्बंध असतात. तिथे उड्डाणाला आधी परवानगी लागते. सोनेगावचा विमानतळ इतका जवळ आहे की दीक्षाभूमीसुद्धा त्याच टप्प्यात येते. ‘मिरवणुकीच्या दिवशीच बंदी, एरवी मोकळीक’ असा समज कोणाचा असेल तर तो आधी दूर करा. ड्रोन नियमांतून सरसकट वगळलंय ते लष्कर, नौदल आणि हवाई दलाला. त्या यादीत पोलिसांचं नाव नाही.

आणि आता तुमचा मूळ शब्द. ‘पाळत’ माणसावर ठेवतात. कोणावर, हे आधी ठरलेलं असतं आणि ज्याच्यावर ठेवली त्याला ती कळू द्यायची नसते. म्हणून तुमच्या ज्येष्ठांची नाराजी भाषेच्या अंगानेही रास्त आहे. ‘टेहळणी’ परिसराची असते. ती उंचावरून होते, म्हणूनच किल्ल्यांना टेहळणीचे बुरूज. तिथून कोण येतं-जातं ते दिसतं, पण एकाच्याच मागे लागणं त्या शब्दात नाही. ‘पहारा’ एका जागी उभं राहून देतात. ‘निगराणी’ मुळात फारसी. आपल्याकडे हिंदीच्या शेजारामुळे ती जास्त ऐकू येते, पण मराठीला परकी नाही. फक्त तिच्यात देखभालीची छटा आहे. रुग्णाची, शेताची, पोराबाळांची निगराणी.

गर्दीवरून फिरणाऱ्या ड्रोनला ‘टेहळणी’ लिहावं. तोच ड्रोन एका घरावर किंवा एका माणसामागे लावला तर ‘पाळत’ म्हणावं आणि तेव्हा कोणाच्या लेखी आदेशाने, हे विचारावं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यावर बंधन घालायचं तर कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणशीर उपाय हवा. ‘टेहळणी’ म्हणून निघालेला ड्रोन गच्चीसमोर थांबला की हा प्रश्न उभा राहतो. ड्रोन नियम प्रामुख्याने उड्डाणाचे आहेत. टिपलेली चित्रं कोणी पाहायची, कधी पुसायची, हे त्यांत शोधू नका. म्हणून दोन्हीला एकच गुळमुळीत ‘नजर’ हा शब्द वापरला जातो तेव्हा मला खटकतं. वाचणाऱ्याला आपला हक्क कुठे सुरू होतो तेच कळत नाही.

पुण्याहून

ताई, ‘गस्त’ का नको? ड्रोन फिरतच असतो की. आणि ‘मानवरहित विमान’ हा शब्द फलकावर कसा वाटेल?

कोर्टातली भाषांतरकार

‘गस्त’ चांगला शब्द आहे, पण त्यात शिपाई स्वतः गल्लीत असतो. त्याला थांबवून चार शब्द बोलता येतात, नाव विचारता येतं. ड्रोनशी ते करता येत नाही, म्हणून मला तो पटत नाही.

‘मानवरहित’ही टाळा. माणूस असतोच, खाली रिमोट धरून उभा. नियमांत तर त्याच्या प्रमाणपत्राची, वयाची (१८ ते ६५), दहावी पास असण्याची अट आहे. ‘ड्रोन’ आता सगळ्यांना कळतो, तोच राहू द्या. आणि तो ड्रोन, पुल्लिंगी. ‘ते ड्रोन’ही कानावर येतं, वाद घालण्यासारखं त्यात काही नाही.

इतवारीचा भाऊ

बंदोबस्त हा शब्द कोणीच कसा नाही आणला? पोलीसवाले स्वतः तोच वापरतात. ‘मी आज बंदोबस्ताला आहो’ म्हणतात. त्यात धाक बी आहे अन् आधार बी.

रामनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बंदोबस्त घेतला. पोलीस ठाण्यात विचारून आदेशाचा क्रमांक आणि मुदत भरेन. आता मजकूर असा :

‘मिरवणूक मार्गावर पोलीस बंदोबस्त राहील. गर्दीच्या टेहळणीसाठी पोलीस ड्रोन वापरतील. खासगी ड्रोन उडवण्यास आदेश क्र. ____ नुसार दि. ____ रोजी ____ वाजेपर्यंत मनाई आहे. ड्रोन घरासमोर किंवा गच्चीसमोर थांबून चित्रण करत असल्यास वेळ नोंदवून ठेवावी व मंडळाच्या कार्यकर्त्यांना कळवावे.’

कोर्टातली भाषांतरकार

शेवटच्या ओळीत ‘मंडळाच्या कार्यकर्त्यांना’च्या पुढे ‘व पोलीस ठाण्यात लेखी’ एवढं घाला. तोंडी सांगितलेल्याची नोंद राहत नाही.