मुलगी तिसऱ्या पुस्तकात आहे. सिनेमा आत्ता दाखवू की थांबू? (सांगली, बजेट दीड हजार)

हळदपेठ_सांगली
नमस्कार मंडळी. माझी मुलगी दहा वर्षांची, मराठी शाळेत पाचवीला. उन्हाळ्यात मावशीने तिला हॅरी पॉटरचा पहिला भाग मराठीत आणून दिला. आता दोन भाग संपलेत, तिसरा निम्मा झालाय. जेवताना पुस्तक, वेणी घालताना पुस्तक. सिनेमा मात्र एकही पाहिलेला नाही. भाऊबीजेनंतरच्या रविवारी तिच्या सहा मैत्रिणी घरी येणार आहेत आणि सगळ्यांना मिळून सिनेमा बघायचाय. त्यांतल्या दोघींनीच पुस्तक वाचलंय.

माझी अडचण वेगळी आहे. तिने वहीत सगळ्यांची चित्रं काढलीत. तिचा हॅग्रिड, म्हणजे गोष्टीतला दाढीवाला धिप्पाड राखणदार, आमच्या पेठेतल्या गूळवाल्या आजोबांसारखा दिसतो, खांद्यावर घोंगडं टाकलेला. सिनेमा बघितला की हे आजोबा जातील, अशी धास्ती वाटते. मैत्रिणींसमोर तिला एकटीला थांबवणंही बरं नाही.

कोणता सिनेमा दाखवू, आणि आत्ता की नंतर? घरी साधा टीव्ही आहे. खाऊ धरून खर्च दीड हजार. सहाला सुरू करून साडेआठला संपायला हवा, मुलींना न्यायला आईबाबा येतात.

अजिंक्यताऱ्याखाली
ताई, टीव्हीवर नका दाखवू. आम्ही गेल्या वर्षी प्रोजेक्टर घेतला, अकरा हजारांना. गच्चीवर पांढरी चादर ताणली. साताऱ्यात त्या दिवसांत गारठा असतो, तरी गल्लीतली वीस पोरं शाली पांघरून शेवटपर्यंत बसली. चादर नुसती कोपऱ्यांना बांधू नका, वाऱ्याने फुगते. वरच्या काठात बांबू घाला आणि खाली वाळूच्या पिशव्या अडकवा. स्पीकर वेगळा घ्या. सिनेमा पहिलाच लावा, २००१ चा, पुस्तकाला धरून आहे.

हळदपेठ_सांगली
दादा, बजेट दीड हजार आहे.

अजिंक्यताऱ्याखाली
भाड्यानेही मिळतो. पण घेतलेला बरा, क्रिकेटलाही कामाला येतो.

कृष्णाकाठचा_वाचक
आधी पुस्तकं. सातही. मगच सिनेमा.

पहिला सिनेमा यायच्या आधी मी कॉलेजात असताना सुरुवातीचे भाग वाचले होते. माझा डम्बलडोर, म्हणजे हॅरीच्या जादूच्या शाळेचा मुख्याध्यापक, उंच, किडकिडीत, डोळ्यांत मिश्कील चमक असलेला होता आणि त्याचा आवाज आमच्या संस्कृतच्या सरांचा होता. पहिल्या दोन सिनेमांत रिचर्ड हॅरिस होते. ते २००२ मध्ये गेले, मग मायकेल गॅम्बन आले. चौथ्या सिनेमात ते हॅरीच्या अंगावर धावून जातात, त्याला धरून विचारतात की स्पर्धेसाठी तुझं नाव तू टाकलंस का. पुस्तकात हाच प्रश्न ते शांतपणे विचारतात, तिथे तसं लिहिलेलंच आहे. त्या शांतपणासाठी मी आजही कुणाशीही भांडेन. सगळी शाळा हादरलेली असताना तो एक माणूस हादरत नाही, म्हणून पोरं तिथे निर्धास्त झोपतात. तोच ओरडायला लागला तर मग उरलं काय?

आता डोळे मिटले की गॅम्बन दिसतात. सरांचा आवाज येत नाही. २०१९ च्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं, माझी सगळी पुस्तकं भिजून लगदा झाली. ती मी पुन्हा घेतली, पुन्हा वाचली. सरांचा आवाज काही परत आला नाही. ताई, तुमची धास्ती खरी आहे.

मिरज_सतारमेकर_गल्ली
हॅरी पॉटर बाजूला ठेवा आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ दाखवा. २००१ ते २००३, तीन सिनेमे, तिसऱ्याला ११ ऑस्कर. पुस्तकातल्या टॉम बॉम्बाडिल या पात्राला वगळलं म्हणून लोक अजून चिडतात. मी पुस्तक चार वेळा वाचलंय आणि मला ते वगळणं पटतं. त्या पात्राशी गोष्ट थबकते. वाचताना थबकायला आवडतं, थिएटरात नाही.

त्याच दिग्दर्शकाने ‘द हॉबिट’चं मात्र वाटोळं केलं. मुलांसाठी लिहिलेलं १९३७ चं एक पुस्तक, तीनशे पानांच्या आसपास. त्याचे तीन सिनेमे काढले, २०१२, २०१३ आणि २०१४. पुस्तकात नसलेली टॉरिएल घातली, तिची प्रेमकहाणी घातली. आमच्याकडे भोपळा जेवढा असेल तेवढी सतार होते. भोपळा ताणून मोठा करता येत नाही.

वाईची_आई
सतारमेकरदादा, दहा वर्षांच्या मुलींना लढाया दाखवायच्या? आणि ताईंनी अडीच तास सांगितलेत. तुमचा पहिलाच सिनेमा तीन तासांना दोन मिनिटं कमी आहे.

ताई, मी घड्याळ लावून बसलेली बाई आहे, म्हणून नीट सांगते. हॅरी पॉटरचा पहिला १५२ मिनिटांचा, दुसरा १६१ चा, तिसरा १४२ चा. तुमच्या वेळेत फक्त तिसरा बसतो, आणि मुलगी नेमकी तिसऱ्याच्या मध्यात आहे. दुसरं म्हणजे तिसऱ्यातले डिमेंटर, माणसाचा आनंद शोषून घेणारे ते काळे पहारेकरी. माझा मुलगा नऊ वर्षांचा होता, पुस्तकात वाचून अजिबात घाबरला नव्हता. आगगाडीच्या काचेवर बर्फ चढतं आणि तो हात दारातून आत येतो, ते पाहिल्यावर आठ दिवस ट्यूबलाइट लावून झोपला. वाचताना पोरं स्वतःला झेपेल तेवढंच भयंकर डोळ्यांसमोर आणतात. पडद्यावर ते कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. सगळ्या मुलींच्या आयांना आधी विचारा.

पोवईनाका_रात्रपाळी
तिसरा सिनेमा दिसायला सगळ्यात देखणा आहे, अल्फोन्सो क्वारोनचा. पण वाचलेल्याला त्रास होतो. शाळेत कोण कुठे आहे ते दाखवणारा जादूचा नकाशा बनवणारे चौघे कोण, हे सिनेमात सांगतच नाहीत. पुस्तकाचा सगळा जीव तिथे आहे. ते चौघे म्हणजे
[पुढच्या दोन ओळी काढल्या आहेत. मुलगी अजून तिसरा भाग वाचते आहे. – संचालक]

पोवईनाका_रात्रपाळी
चूक झाली, माफ करा. ताई, हा धागा तिला वाचायला देऊ नका.

खानापूर_विटा
मुलांचं पुस्तक हाती आलं की सिनेमावाले आधी त्यातलं मूल मोठं करतात. पर्सी जॅक्सन पुस्तकात बारा वर्षांचा, २०१० च्या सिनेमात सोळाचा. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे शाळकरी पोरगा, सायकल दामटत फिरणारा. २०१७ च्या सिनेमात तो तरणा गडी झाला. बारा वर्षांच्या पोराला कुणी खिजगणतीत धरत नाही, म्हणूनच त्याला धाडस करावं लागतं. सोळाव्या वर्षी ती गंमत राहत नाही.

कराड_स्टँडसमोर
फाफे जादूचा नाही, इथे विषय जादूच्या पुस्तकांचा चाललाय. आणि मला तो सिनेमा आवडला. अमेय वाघ धावतो तेव्हा फाफेच वाटतो.

खानापूर_विटा
आवडला असेल. माझा फाफे तो नाही.

कराड_स्टँडसमोर
ताई, हिंदी आवाज लावा. इंग्रजी भराभर बोलतात, मुलींना कळायचं नाही.

वाईची_आई
माझं मत उलट. तिच्या डोक्यात ही माणसं मराठीत बोलतात. मराठी पुस्तकाच्या नावातच ‘परीस’ आहे. माझ्या मुलाला परीस आजीच्या गोष्टीतून माहीत होता, त्यामुळे तो पहिल्या पानापासून घरातल्यासारखा शिरला. हिंदीत ऐकलं की ते सगळं परक्याचं होतं. इंग्रजी ठेवा आणि तुम्ही शेजारी बसून सांगत राहा.

कराड_स्टँडसमोर
सात मुलींना अडीच तास सांगत बसायचं? हिंदीच लावा.

पाचगणी_उतार
सिनेमा कशाला? भिलारला घेऊन जा. पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालं. घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. माझा पुतण्या तिथे एका ओसरीवर चार तास हलला नाही.

वाईची_आई
भिलार चांगलंच आहे, पण सांगलीहून रविवारी संध्याकाळी सात मुली घेऊन?

पलूस_वाचनालय
मी वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळते, दोन शब्द सांगते. सिनेमावर रुसायला फक्त वाचक नसतात. मिखाएल एंडेंचं ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ १९७९ चं. १९८४ चा सिनेमा साधारण निम्म्या पुस्तकावर थांबतो, आणि एंडे इतके दुखावले की कोर्टात गेले. ‘मेरी पॉपिन्स’च्या लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स १९६४ च्या सिनेमावर शेवटपर्यंत नाराज होत्या. उलट डायना विन जोन्स बघा. त्यांचं ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ १९८६ चं, जपानी दिग्दर्शक मियाझाकींनी २००४ मध्ये त्याचा ॲनिमेशनपट केला. गोष्ट पुष्कळ बदलली, युद्ध मध्यभागी आणलं, तरी बाईंना तो मनापासून आवडला. मलाही. त्यांनी पुस्तकाची नक्कल केलेली नाही, शापाने म्हातारी झालेल्या नायिकेचा, सोफीचा, हट्टीपणा मात्र बरोबर उचललाय.

ताईंसाठी माझा सल्ला. हा ‘हाउल’च लावा, दोन तासांत संपतो आणि कुणीच वाचलेलं नसणार, म्हणजे कुणाचंच काही मोडणार नाही. नाहीतर १९९६ चा ‘मटिल्डा’, शंभर मिनिटांच्या आत. हॅरी पॉटर मुलीला सवडीने एकटीला दाखवा. आणि काही झालं तरी सिनेमाआधी त्या वहीची झेरॉक्स काढून तारीख घालून ठेवा. आमच्याकडे मी मुलांकडून अशी चित्रं आधी काढून घेते. नंतर काढलेल्या चित्रांत सगळ्यांचा हॅरी एकसारखाच येतो.

आयर्विन_पूल
सांगलीत राहून हे रडगाणं? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं. बघायला आलेल्या प्रत्येकाला रामायण पाठ होतं, प्रत्येकाचा राम वेगळा होता. म्हणून भाव्यांनी नाटक करायचं नव्हतं का? चांगली गोष्ट माणसं घेणारच, आपल्या परीने मांडणारच.

कृष्णाकाठचा_वाचक
मुद्दा मोलाचा आहे, पण फरक बघा. रामाला कीर्तनात एक चेहरा, नाटकात दुसरा, कॅलेंडरवर तिसरा. इतके चेहरे आहेत की कुणाच्याच मनातला पुसत नाही. हॅरीला गेली वीस-पंचवीस वर्षं एकच चेहरा आहे. म्हणून २०२३ मध्ये नव्या मालिकेची घोषणा झाली तेव्हा माझ्यासारखे बरेच चिडले, मी मात्र सुखावलो. दुसरा डम्बलडोर आला की पहिल्याची पकड थोडी सैल होईल.

आयर्विन_पूल
हे पटलं.

मिरज_सतारमेकर_गल्ली
रिंग्जचा विचार करा ताई. सुट्टीत तीन रविवार येतात.

हळदपेठ_सांगली
सगळ्यांचे आभार. रविवार पार पडला. कुणाचंच ऐकलं नाही, त्याबद्दल राग मानू नका. दुसरा सिनेमा लावला. पावणेसहाला सुरू केला आणि आयांना पावणेनऊला बोलावलं. ‘हाउल’ची गोष्ट मुलीला सांगितली होती, पण तिला उडणारी गाडी बघायची होती, आणि तो भाग वाचून संपलेला होता. पहिला तिला आजोळी मामेभावाबरोबर बघायचाय, तसं तिने त्याला वचन दिलंय. आवाज हिंदी. फराळ घरचाच, वर भडंग आणि सरबत, सगळे मिळून सव्वासहाशे.

गाडी आली तेव्हा सातही जणी किंचाळल्या. पुढे मात्र मुलगी अस्वस्थ झाली. तिचं सगळ्यात आवडतं प्रकरण म्हणजे त्या अर्धवट मुंडकं तुटलेल्या भुताचा पाचशेवा मृत्युदिन. नासके पदार्थ मांडलेले, करवतीचं संगीत. ते सिनेमात नाहीच. तिने रिमोट घेतला, सिनेमा थांबवला आणि मैत्रिणींना ते प्रकरण सांगितलं, दहा मिनिटं, उभी राहून, हातवारे करून. मी मध्ये पडले नाही. न वाचलेल्या चौघींतल्या दोघी पुस्तक मागून घेऊन गेल्यात.

कृष्णाकाठचे दादा, तुमचं खरं ठरलं. परवा तिने हॅग्रिड नव्याने काढला, तो सिनेमातला आहे. दाढी तीच, कोट तोच. मी विचारलं, घोंगडं कुठे गेलं? तर म्हणाली, हॅग्रिडकडे घोंगडं नसतंच. मला दिवसभर चुटपुट लागून राहिली. तिला काहीच वाटलेलं नाही. पलूसच्या ताईंचं एक ऐकलं होतं, झेरॉक्स काढून ठेवलीय, तारखेसकट.

पलूस_वाचनालय
बरं केलंत. ती वीस वर्षांची झाली की द्या.

पोवईनाका_रात्रपाळी
तिसरा भाग संपला का तिचा? ते चौघे कळले का?

हळदपेठ_सांगली
शेवटची चाळीस पानं राहिलीत. आज पांघरुणात बॅटरी घेऊन झोपलीय.

अजिंक्यताऱ्याखाली
तिसरा बघाल तेव्हा कळवा. माझं महिन्यातून एकदा सांगलीला येणं असतं. प्रोजेक्टर आणि बांबू दोन्ही घेऊन येतो, चादर फक्त तुमची.