बेल एअर की फेअरलेन?
'१९५७च्या शेवरोले बेल एअरपुढे त्या सालची फोर्ड फेअरलेन ५०० म्हणजे काहीच नाही,' हे या गाड्यांबद्दल कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. बेल एअर देखणी आहेच. पेट्रोलच्या टाकीचं तोंड डाव्या टेलफिनच्या (गाडीच्या मागच्या उंच, पंखासारख्या टोकाच्या) क्रोम पट्टीमागे काय बेमालूम लपवलंय! पण त्या मॉडेल वर्षात (म्हणजे १९५७ची मॉडेलं विकली गेली त्या हंगामात) अमेरिकेत फोर्ड शेवरोलेपेक्षा जास्त खपली. आणि फेअरलेनमधली स्कायलायनर पाहिलीत का? डिकीचं झाकण मागच्या बिजागरीवर उचललं जातं, पोलादी छपराची पुढची कड दुमडते आणि अख्खं छप्पर आत जाऊन बसतं. सगळं विजेच्या मोटरींवर, तेही १९५७ साली! छप्पर आत गेलं की सामानाला जेमतेम जागा उरते, हे कबूल. तरी माझं मत फोर्डलाच.