‘श्यामची आई’मधील नवे शब्द मुलांच्या लक्षात कसे राहावेत?

प्रश्न (एक पालक):
माझी मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. मराठीच्या बाईंनी यंदा ‘श्यामची आई’ वाचायला लावली असून प्रत्येक प्रकरणातून दहा अनोळखी शब्द निवडावेत, त्यांचे अर्थ लिहावेत आणि ते वाक्यात वापरावेत, असा स्वाध्याय दिला आहे. मुलगी शब्द शोधते, अर्थ मला विचारते, वहीत उतरवते आणि पुढच्या आठवड्यात त्यांतला एकही तिला आठवत नाही. गोष्ट मात्र तिला आवडते आहे. या शब्दांचा अभ्यास कसा करून घ्यावा?

प्रतिसाद १ (निवृत्त शिक्षिका):
सर्व अनोळखी शब्दांना एकाच मापाने मोजू नका, कारण या पुस्तकात निदान तीन जातींचे शब्द आहेत आणि प्रत्येकाची शिकण्याची रीत वेगळी आहे. काही शब्द वस्तूंचे आहेत. ‘पत्रावळ’चा अर्थ ‘पानांची केलेली ताटली’ असा लिहून मुलीच्या हाती काहीच लागत नाही. वडाची किंवा पळसाची पाने आणि काड्या घेऊन तिला एक पत्रावळ लावायला बसवा, म्हणजे पत्रावळ ‘लावतात’ हे क्रियापदही तिला आपोआप कळेल. ते येत नाही म्हणून श्यामला काय ऐकून घ्यावे लागले, हेही मग नीट उमगेल. आमच्या वर्गात पहिल्या पत्रावळीतून वरणाचा ओघळ हमखास बाकावर येत असे!

दुसरे शब्द गोष्टीतूनच उलगडतात. ‘अळणी भाजी’ या प्रकरणात आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील चकार शब्द न काढता ती भाजी खातात. हे वाचलेल्या मुलाला ‘अळणी’ शब्दासाठी कोशाकडे जाण्याची गरज नाही. अशा ठिकाणी अर्थ आपण सांगू नये, तिला अंदाज बांधू द्यावा आणि चुकल्यास तोच परिच्छेद पुन्हा वाचायला सांगावा. ‘शेवटची निरवानिरव’ या शीर्षकाबाबतही तसेच करावे; प्रकरण संपल्यावर अर्थ विचारावा, आधी नव्हे.

तिसरी जात अवघड आहे. श्यामचे घराणे खोतांचे. ‘खोत म्हणजे गावचा वसुली करणारा’ एवढे लिहून भागत नाही. खोत सरकारच्या वतीने गावाचा सारा, म्हणजे जमिनीवरचा कर, गोळा करी, त्याचा कुळांवर, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांवर, मोठा अधिकार चाले, या पद्धतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि खोती रद्द करणारा कायदा 1949 साली झाला, इतके सांगितले तर ‘खोत’, ‘कूळ’ आणि ‘सारा’ हे तीन शब्द एकत्र कळतात. एकेकाळचे हे मानाचे घर सावकाराच्या कर्जात कसे बुडाले, हेही मग तिला वेगळ्या नजरेने दिसेल. दहा सुट्या शब्दांपेक्षा असे तीन जोडलेले शब्द मला अधिक मोलाचे वाटतात.

प्रतिसाद २ (शब्दकोशांचा वाचक):
वरील मताशी मी सहमत आहे. मात्र कोशाला अगदीच बाजूला सारू नये. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ इंटरनेटवर शोधता येतो, आणि एखादा शब्द विशिष्ट प्रांतातला असेल तर तो तशी नोंद करतो. कोकणातल्या, दापोलीजवळच्या पालगडचे वातावरण असलेल्या या पुस्तकासाठी ती नोंद फार उपयोगी पडते. शिवाय शब्दाची भावंडेही शोधावीत. पत्रावळीतले ‘पत्र’ म्हणजे पान; तेच गणपतीला वाहतो त्या पत्रीत आहे. ‘अळणी’ आणि ‘लोणचे’ या दोघांच्या मुळाशी ‘लवण’ आहे, हे ऐकून मुले चकित होतात.

प्रश्नकर्ते पालक:
दोघांचेही आभार. परंतु वहीत दहा शब्द आणि दहा वाक्ये नसतील, तर गुण कापले जातात. त्याचे काय करावे?

प्रतिसाद ३ (एक वाचक):
दहा शब्द लिहू द्यावेत, पण पहिल्या वाचनात हाती पेन्सिल नसावी. श्याम या आठवणी आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री सांगतो आणि म्हणूनच पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. मुळात हे सांगणे आहे, तेव्हा ते मोठ्याने वाचून ऐकवावे. एका बैठकीला एक रात्र पुरे. शब्द दुसऱ्या दिवशी काढावेत, आणि आदल्या दिवशी ऐकताना जे अडले तेच काढावेत. यादी भरण्यासाठी मुद्दाम अवघड शब्द हुडकू नयेत.

वाक्यात उपयोग हा या स्वाध्यायातला खरा कामाचा भाग आहे, पण मुले ‘भाजी अळणी होती’ असे लिहून मोकळी होतात आणि शिक्षकही बरोबरची खूण करतात. त्याऐवजी ‘डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून आजोबांना सगळेच जेवण अळणी लागते’ यासारखे स्वतःच्या घरातले वाक्य तिने लिहावे, ज्यात तो शब्द काढला तर वाक्य लंगडे पडेल. आठवडाभराने अर्थ विचारू नका. तिचेच वाक्य तो शब्द गाळून तिच्यासमोर ठेवा आणि रिकामी जागा भरायला सांगा.