शिक्र्याचं पिल्लू सापडलं, हातावर बसायला शिकवता येईल का?

संत्रेवाला_वरुड:
राम राम मंडळी. परवाच्या वावधनात धुऱ्यावरच्या कडुनिंबाची फांदी मोडली आन् शिक्र्याचं (ससाण्यासारखा छोटा शिकारी पक्षी) पिल्लू खाली आलं. अंगावर पांढरा कापूस, पंखात नुकत्या काड्या फुटल्या, जखम नाही, पण ओरडून ओरडून डोकं खाऊन रायलं. दुबईवाले ससाणा हातावर घेऊन फिरतात ते रील पाहून पाहून मन झालं, याले बी शिकवावं. सुरुवात कशी करू? सध्या बोनलेस चिकन देतो, आई म्हणते दूधभात दे.

रानवाट:
बोनलेस आजच बंद करा! मी हेच पाप केलं होतं, १० दिवसांत पिल्लाले उभं राहता येईना, पाय वाकडे झाले. त्याची माय सरडा हाडकासकट भरवते, कॅल्शियम तिथून भेटते. दूधभात तर नकोच, आन् चोचीत पाणी ओतू नका, श्वासनळीत जाते.

गोफण:
दुबईत ससाण्याले पासपोर्ट असते भाऊ, इथं १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, शिक्रा पाळला तर सरळ गुन्हा. पूर्वी आपल्या देशातही शिक्रे शिकवायचे, लावे धरायले, पण ती सगळी कला वजनाची. रोज तोलायचं, भूक राहिली पायजे पण उपाशी नको, अख्खा पक्षी दीड-दोनशे ग्रॅमचा, त्यात १० ग्रॅम इकडंतिकडं झालं की एक तर झाडावर बसून तुम्हाले भाव देत नाही नाहीतर गळून जाते. मग पायात चामड्याची वादी, मग लांब दोरी बांधून मुठीवर बोलावणं. आन् हातानं भरवलेलं पिल्लू माणसालेच माय समजते, मोठं झालं तरी घासासाठी किंचाळत रायते. रीलमध्ये हे दाखवत नाही कोणी.

काळी_माती:
जखम नाही ना, मग घरात कायले ठेवता? १९२६ वर सांगा, वनविभागाची हेल्पलाइन आहे, त्यांना विचारून त्याच झाडावर टोपली बांधा. बुडाले भोकं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी साचते. माणसाचा हात लागला की माय टाकून देते हे खोटं आहे.

संत्रेवाला_वरुड:
फोन केला, त्यांनी बी हेच सांगतलं. काल दुपारी उरलेल्या फांदीच्या बेचक्यात टोपली बांधली, आत कडुनिंबाच्या काटक्या. पाच वाजता माय आली, पंजात सरडा. त्याच्याआधी माझ्या टाळूवर दोन टपला मारून गेली, रक्त निघालं. कोणी चढणार असाल तर हेल्मेट घालजा.