ओकायामाचा किल्ला आणि कोराकुएन बाग : पुलं उद्यान रोज बघणाऱ्यांनी जावं का?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन जपानला चाललोय, पाच रात्री ओसाकाला मुक्काम आहे. क्योतो, नारा ठरलंय, एक दिवस किल्ल्यासाठी ठेवलाय आणि तिथेच घोडं अडलंय. जो तो म्हणतो हिमेजी कर. पण आई गेली कित्येक वर्षं सकाळी पुलं देशपांडे उद्यानात फिरायला जाते आणि ती बाग ओकायामाच्या कोराकुएनवरून केलीय हे तिला कळल्यापासून तिचं एकच, मला मूळ बाग दाखव. बाबा म्हणतात जे घराशेजारी आहे तेच बघायला विमानाचं भाडं भरायचं का. मला विचाराल तर मला किल्ला बघायचाय, आणि ओकायामाचा किल्ला सिमेंटचा आहे असं ऐकलं, खरंय का? हिमेजी आणि ओकायामा एका दिवसात होईल का? आईचे गुडघे दुखतात आणि दोघंही शुद्ध शाकाहारी, हे धरून सांगा प्लीज.

ओसाकावाली
एका दिवसात होतं, दोन्ही शिनकानसेनच्या म्हणजे बुलेट ट्रेनच्या एकाच लाइनवर आहेत. शिन-ओसाकाहून ओकायामा पाऊण तास, हिमेजी मध्येच लागतं. पण आईंना घेऊन दोन्ही करू नका. हिमेजीचा मुख्य बुरूज १६०९ चा, अस्सल लाकडी, म्हणजे आत लिफ्टबिफ्ट काही नाही, बूट काढून पिशवीत घ्यायचे आणि शिडीसारखे खडे जिने चढायचे, वर आपण हाश्श हुश्श करतोय तोवर मागून रांग ढकलत असते. गुडघेवाल्यांना उतरताना जास्त त्रास होतो.

ओकायामाचा किल्ला सिमेंटचा, हो. उकिता हिदेइए या सरदाराने १५९७ मध्ये बांधून पुरा केलेला मूळ बुरूज २९ जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, आता उभा आहे तो १९६६ चा. आत डागडुजी करून २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडला. लिफ्ट आहे, अगदी वरच्या मजल्यापर्यंत जात नाही पण आईंचं काम भागेल. बाहेरून काळाकुट्ट म्हणून त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात, हिमेजी पांढरा म्हणून बगळ्याचा. मला विचाराल तर काळा जास्त रुबाबदार.

आता बाबांचा मुद्दा. पुण्यातली बाग साधारण १० एकर, कोराकुएन १३ हेक्टरच्या वर म्हणजे तिपटीपेक्षा मोठी, पण फरक आकाराचा नाहीच. कोराकुएन बांधून घेतली किल्ल्याच्या नंतरच्या मालकाने, मधे असाही नदी आणि पलीकडे बाग, त्यामुळे बागेत चालताना झाडांच्या वर अचानक तो काळा बुरूज डोकावतो, वळलात की गायब, पुन्हा तळ्याकाठी आलात की हजर. मागचा मिसाओयामा डोंगरही असाच बागेत ओढून घेतलाय. समोर दिसतंय ते सगळं आपल्याच बागेचं समजून आखणी करायची, हीच तर त्यांची कला. पुण्यात पूल, तळं, दगड सगळं आणता आलं, किल्ला कुठून आणणार?

जाताना स्टेशनवरून ट्राम पकडा, शिरोशिता स्टॉपला उतरा, तिथून चालत दहाएक मिनिटं. आधी बाग करा, मग त्सुकिमी पुलावरून किल्ल्यात. उलटं केलंत तर किल्ला पाठीमागे राहतो आणि मजा जाते. बागेतल्या वाटा खडीच्या आहेत, आईंना जाड तळव्याचे बूट घाला.

गडवेडा
माझं मत कोणाला आवडणार नाही. राजगड रायगड पायाखाली घातलेल्या माणसाने सिमेंटचा किल्ला आणि त्यात लिफ्ट बघायला जाऊ नये, मी गेलो आणि आत म्युझियम बघून दहा मिनिटांत बाहेर आलो. पण किल्ल्याच्या आवारात त्सुकिमी यागुरा नावाचा जुना बुरूज आहे, चंद्र बघायला बांधलेला, तो बॉम्बमधून वाचलाय, लोक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तो बघा, आणि खालची दगडी तटबंदी बघा, चुना न वापरता नुसते दगड रचलेत. नदी किल्ल्याला वळसा घालते ना, ती उकिताने मुद्दाम वळवलेली, खंदकाचं काम फुकटात. पुढे त्यामुळेच गावात पूर यायला लागले मग पाणी काढून द्यायला वेगळा कालवा खणावा लागला, आणि ते काम करणारा त्सुदा नागातादा यानेच कोराकुएन बांधली. म्हणजे पीडब्ल्यूडीच्या साहेबाने जगप्रसिद्ध बाग केली असं समजा, आपल्याकडे पेव्हर ब्लॉक बसवतात!

बागेचा काळ १६८७ ते १७००. त्यातली आठ वर्षं आपल्याकडे जिंजीचा वेढा चालू होता आणि हे तिकडे तळी खणत होते. मी तिथे उभा राहून हेच आठवत बसलो, बायको म्हणाली फोटो काढ.

आंबेमोहोर
आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. र्यूतेन नावाचं एक लाकडी घर आहे, त्याच्या तळमजल्यातून चक्क पाण्याचा पाट वाहतो, पाटात रंगीत दगड ठेवलेत, आणि चारी बाजू मोकळ्या. सासूबाई तिथे बसल्या त्या अर्धा तास उठेनात, म्हणाल्या आमच्या कोकणातल्या घरामागे असाच पाट होता. बागेत भातखाचर आहे, चहाचा छोटा मळा आहे, बगळ्यासारखे मोठे क्रौंच पक्षी पाळलेत. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा म्हणजे मेपल लाल झालेले सापडण्याचा चान्स चांगला.

खाण्याचं मात्र सांभाळा. नूडल्सच्या रश्शात, सूपमध्ये, सोया सॉसच्या चटणीतसुद्धा माशाचा अर्क असतो, "मांस नको" म्हटलं तरी मासा येतोच. आम्ही थेपले आणि दाण्याची चटणी नेली होती. किबी दांगो म्हणजे तिथले मऊसूत गोड गोळे मात्र स्टेशनवर भरपूर मिळतात, पिठाचे आणि साखरेचे, साध्या प्रकारात नॉनव्हेज काही नसतं तरी पाकीट बघून घ्या.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे आभार. हिमेजी कट, ओकायामा फायनल. फक्त एकच, पाऊस असेल तर कसं?

ओसाकावाली
छत्री घ्या आणि जा. तळ्यावर पाऊस पडताना पलीकडचा काळा किल्ला धूसर दिसतो, मी मुद्दाम पावसात दोनदा गेलेय.

सिंहगडरोडकर
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले ठीक आहे येतो, पण तिथे पोचल्यावर "अगदी आपल्या पुलं उद्यानासारखं" असं कोणी म्हणायचं नाही. आईने लगेच कबूल केलं, त्यामुळे मला जरा शंकाच आहे.