प्रति: अल्सासमधली लाकूड-मातीची घरं आणि सिमेंटचा गिलावा

"बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की ही जुनी घरं टिकतील" हे वर आलेलं मत मला अजिबात पटत नाही. पूर्व फ्रान्समधल्या अल्सास प्रांताच्या खेड्यांत अशी घरं सिमेंटनेच जास्त कुजली आहेत. सांगाडा ओकचा, आणि चौकटींमध्ये काठ्यांवर थापलेला माती-पेंढ्याचा लगदा, म्हणजे आपल्या कुडासारखाच. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आक्रसतं, त्यामुळे लाकूड आणि गिलावा यांच्यात बारीक फट पडतेच. तिथून शिरलेलं पाणी माती आणि चुन्यातून वाळून जातं, सिमेंटमागे मात्र अडकतं. सगळ्यात आधी दगडी जोत्यावरची आडवी तुळई जाते, आणि वरून भिंत धडधाकट दिसत असल्याने ते फार उशिरा कळतं. दुरुस्तीत पेंढा घातलेली माती थापून, ओली असतानाच ओरखडे काढून पूर्ण वाळू द्यावी. घाई केली तर पुढचा थर सुटतो. वरचा चुन्याचा गिलावा लाकडाच्या पातळीतच संपवावा, पुढे आला तर त्या कडेवर पाणी थांबतं.

कुजलेला तुकडा तेवढा बदलता येतो, कारण सांधे खाचेत बसवून लाकडी खुंट्यांनी आवळलेले असतात. सुतारांनी लाकडांवर कोरलेल्या खुणा पाहून अख्खं घर उतरवून दुसरीकडे उभं करता येतं. अल्सासमधल्याच उंगर्सहाइमला 1984 मध्ये खुलं झालेलं एकोम्युझे हे उघड्यावरचं संग्रहालय अशाच हलवलेल्या घरांचं गाव आहे.