शब्दचर्चा: मेंढ्या वळणारा कुत्रा की हाकणारा?

प्रश्न: वर्षभराच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याला मेंढ्यांवर काम शिकवायला घेतलं आहे. टिपणं मराठीत ठेवायची आहेत. ‘हर्डिंग’ला ‘राखणे’ म्हणावं की ‘हाकणे’? ‘आउटरन’, ‘लिफ्ट’, ‘फेच’, ‘ड्राइव्ह’ यांचं काय करावं?

उत्तर: ‘राखणे’ नको. राखणीचा कुत्रा कळपातच राहतो, मेंढ्यांना हलवत नाही, लांडगा आला तर आडवा जातो. तो मेंढ्यांमागे धावू लागला तर कामातून गेला. कॉलीचं सगळं काम मात्र त्या धावून जाण्याच्या ओढीवरच चालतं, फक्त शेवटचा चावा नको असतो. तेव्हा ‘हाकणे’ बरा.

उत्तर: माझ्या मते तिथेही थांबायला हवं. गुरं आपण वळतोही आणि हाकतोही, पण ही कामं दोन आहेत. हाकणारा मागे असतो आणि जनावर त्याच्यापुढे चालतं. वळणारा बाजूने पुढे जाऊन कळपाचं तोंड फिरवतो. कॉलीला उपजत येतं ते वळणं. तुम्ही अलीकडे आणि मेंढ्या मध्ये असल्या की कुत्रा आपसूक पलीकडची बाजू गाठतो आणि मेंढ्या तुमच्याकडे आणतो. तुम्ही दोन पावलं बाजूला सरका, तो उलट बाजूला सरकून पुन्हा बरोबर समोर येईल. पहिले धडे याच ओढीवर घेतात. मेंढ्या माणसापासून दूर नेणं, म्हणजे खरं हाकणं, त्याला उलटं वाटतं, म्हणून ते बरंच नंतर येतं. टिपणात दोन्हीकडे ‘हाकणे’ लिहिलंत तर आधी काय आणि मग काय, हेच पुसलं जाईल.

‘आउटरन’ला ‘वळसा’ म्हणा, नेमका बसतो. कुत्र्याने सरळ मेंढ्यांवर जायचं नसतं. जसजसं जवळ येईल तसतसं बाहेर फाकत, त्या बुजणार नाहीत एवढं अंतर राखून मागे जायचं असतं. ‘लिफ्ट’ म्हणजे ‘उठवणे’. हा क्षणभराचा भाग असला तरी त्याला स्वतंत्र शब्द हवाच. ब्रिटिश पद्धतीच्या स्पर्धांत साधारणपणे वळशाला २० गुण असतात आणि उठवण्याला वेगळे १०. चांगला कुत्रा तिथे थबकतो, मग एकेक पाऊल टाकत पुढे होतो. मेंढ्या माना वर करतात, त्याच्याकडे बघतात आणि वळून शांत चालू लागतात. तो धडकलाच तर कळप उधळतो आणि पुढचं आणणंही बिघडतं. ‘फेच’ला साधं ‘आणणे’ पुरे. ‘ड्राइव्ह’साठी ‘हाकणे’ राखून ठेवा.

प्रश्न: वळणे आणि हाकणे पटलं. ‘कम बाय’ आणि ‘अवे’साठी ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ चालेल?

उत्तर: कोणाची डावी? ‘कम बाय’ म्हणजे मेंढ्यांभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ‘अवे’ म्हणजे उलट. मेंढ्यांकडे तोंड केलेल्या कुत्र्याची डावी कधी बदलत नाही. पण तो पलीकडे गेला की त्याची डावी तुमची उजवी होते, आणि घाईत तोंडातून भलताच शब्द जातो. शिवाय दोन्ही शब्दांचा शेवट सारखाच, ‘वीकडे’. वाऱ्यात आणि लांबून कुत्र्याला तेवढाच ऐकू येईल. आवाजाने अगदी वेगळे, आखूड असे दोन शब्द घ्या. पुढे शिट्टी शिकवायचीच आहे, तिथेही हाच नियम.

उत्तर: एक भर. ‘आय’ला ‘नजर रोखणे’ लिहा. मान खाली घालून, दबत, मेंढीवर डोळे खिळवून तो जे करतो तेच हे. ‘नजर लावणे’ लिहू नका, अर्थ पार दुसरीकडे जातो. ‘ग्रिप’ला ‘तोंड घालणे’ चालेल. शिकाऊ कुत्रा तोंड घालतो ते बहुधा फार जवळ जाऊन गोंधळल्यामुळे. अशा वेळी ओरडण्याआधी त्याला मेंढ्यांपासून लांब करा, आणि टिपणात ‘चावला’ एवढंच न लिहिता तेव्हा तो किती अंतरावर होता तेही लिहा.